गप्प बसलेल्या पोरीकडेही बघा

गटाची बैठक चालू असेल, तर हप्त्याच्या वह्या जरा बाजूला ठेवा. घरी स्वयंपाक चालू असेल, तर हात चालू द्या, कान तेवढे इकडे द्या. आज आपण वयात येणाऱ्या मुलामुलींबद्दल बोलणार आहोत. त्यातही अशा पोरांबद्दल, ज्यांचं लक्ष एका जागी ठरत नाही.

शाळेतल्या बाईंना विचारा, वर्गात सगळ्यात वांड पोर कोण? लगेच दोन-तीन नावं येतील, आणि ती बहुतेक मुलग्यांची असतील. बाकावर टिकत नाही, दुसऱ्याचं दप्तर ओढतो, प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर ओरडतो. आता दुसरा प्रश्न विचारा. वर्गात असून नसल्यासारखी मुलगी कोण? बाई जरा थांबतील. मग आठवेल, ती तिसऱ्या बाकावरची. त्रास काही नाही तिचा. गप्प असते, खिडकीबाहेर बघते, वही विसरते, गणित अर्धं सोडते.

मैत्रिणींनो, त्या वांड मुलाला आणि या गप्प मुलीला एकच त्रास असू शकतो. त्याला डॉक्टर एडीएचडी म्हणतात. मराठीत सांगायचं तर लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता. नाव एकच, पण मुलग्यात तो बाहेर दिसतो आणि मुलीत बऱ्याचदा आतल्या आत राहतो. म्हणून मुलग्याला मार बसतो, आणि मुलीची शाळा सुटते. आजचं बोलणं त्यासाठीच आहे.

आधी हे काय आहे ते समजून घेऊ.

लक्ष तर सगळ्यांचंच उडतं. आपणही गॅसवर दूध ठेवून विसरतो. तेवढ्यावरून कुणाला एडीएचडी होत नाही. डॉक्टर चार गोष्टी बघतात. पहिली, हा त्रास वयाच्या बारा वर्षांच्या आत सुरू झालेला असावा. दुसरी, तो किमान सहा महिने सतत असावा. तिसरी, तो एकाच ठिकाणी नसावा, घरीही असावा आणि शाळेतही असावा. फक्त गणिताच्या तासालाच लक्ष नसेल, तर कारण वेगळं असेल. आणि चौथी, त्यामुळे पोराचं खरंच अडत असावं, अभ्यासात, मैत्रीत, रोजच्या कामात.

याचे तीन प्रकार दिसतात. एका प्रकारात फक्त लक्ष टिकत नाही. दुसऱ्यात चंचलता आणि उतावीळपणा असतो. तिसऱ्यात दोन्ही एकत्र. जगभरच्या अभ्यासांचा मेळ घातला, तर शंभर मुलांमागे साधारण पाच मुलांना हा त्रास असतो. म्हणजे दोनशे पोरांच्या शाळेत आठ-दहा पोरं अशी असू शकतात.

आता त्यात मुलगे किती आणि मुली किती? वस्तीत जाऊन पाहणी केली, की एका मुलीमागे दोन-तीन मुलगे सापडतात. पण दवाखान्यात आणलेल्या पोरांची नोंद बघितली, तर एका मुलीमागे मुलगे याहून कितीतरी जास्त. याचा अर्थ सरळ आहे. मुलीही आहेत, पण त्यांना दवाखान्यात कुणी नेत नाही.

ही गोष्ट आजची नाही. १९०२ साली लंडनमध्ये जॉर्ज स्टिल नावाच्या बालरोगतज्ज्ञांनी अशा पोरांवर व्याख्यानं दिली. त्यांनी सांगितलेल्या वीस पोरांमध्ये पंधरा मुलगे होते आणि पाच मुली. तेव्हापासून कित्येक वर्षं या त्रासाचं चित्र म्हणजे धिंगाणा घालणारा मुलगा, असंच राहिलं. त्रासाची लक्षणं लिहिली गेली तीही मुलग्यांकडे बघून. मग मुलगी त्या मापात बसणार कशी?

आता जरा डोक्याच्या आत डोकावू. घाबरू नका, सोपं करून सांगतो.

तुम्ही उसाला किंवा कांद्याला पाणी दिलंय. पाटाला पाणी भरपूर असतं, पण दारं धरणारं माणूस पाहिजे. या सरीचं भरलं की तिकडची माती ओढायची, इकडं बंद करायचं, तिकडं सोडायचं. लक्षाचंही तसंच आहे. आपल्या कपाळामागे मेंदूचा पुढचा भाग असतो. तो हे दारं धरण्याचं काम करतो. आता हे कर, ते नंतर, बोलायच्या आधी थांब, घेतलेलं काम पुरं कर, हे सगळं तो सांगतो. एडीएचडी असलेल्या पोराकडे पाणी कमी नसतं. बुद्धी असते, हौस असते. दारं धरणारं माणूस मात्र अजून कच्चं असतं.

कच्चं म्हणजे किती? २००७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. हा त्रास असलेली २२३ मुलं आणि नसलेली २२३ मुलं घेतली आणि त्यांच्या मेंदूचे फोटो वर्षानुवर्षं काढले. मेंदूची वरची साल वयाबरोबर जाड होत जाते, एका टप्प्याला पोचते आणि मग पातळ होऊ लागते. इतर मुलांत निम्म्याहून जास्त भाग त्या टप्प्याला पोचायचं वय होतं साडेसात वर्षं. एडीएचडी असलेल्या मुलांत ते होतं साडेदहा वर्षं. तीन वर्षांचा उशीर. सगळ्यात जास्त उशीर होता तो कपाळामागच्या त्याच भागात. आणि हातपाय हलवायला लावणारा जो भाग आहे, तो मात्र उशिरा नव्हता, उलट जरा आधीच तयार झालेला होता. म्हणजे बैल धावायला तयार, आणि कासरा धरणारा अजून पोरसवदा.

या अभ्यासातली एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. मेंदूच्या वाढीचा क्रम दोन्हीकडे सारखाच होता. उशीर होता, मोडतोड नव्हती.

मुलगा आणि मुलगी यांच्या मेंदूची वाढही एका वेळी होत नाही. मुलीच्या मेंदूचा आकार सरासरी साडेदहाव्या वर्षाच्या आसपास सगळ्यात मोठा होतो, मुलग्याचा साडेचौदाच्या आसपास. यावरून कोण हुशार आणि कोण नाही, हे ठरत नाही. पण वाढीची घाई-उशीर वेगळी असते, एवढं कळतं. आणि म्हणूनच मुलगा आणि मुलगी यांना एकाच वयात, एकाच फूटपट्टीनं मोजणं बरोबर नाही.

मग एडीएचडी असलेल्या मुलीच्या मेंदूत खरंच काही फरक असतो का, की ती नुसतीच वेंधळी? २००१ साली हा त्रास असलेल्या पन्नास मुली आणि नसलेल्या पन्नास मुली यांच्या मेंदूची मापं प्रसिद्ध झाली. मुलग्यांत जसे बारीक फरक सापडले होते, तसेच मुलींतही सापडले. म्हणजे मुलीचा त्रास हा काही मुलग्याच्या त्रासाची हलकी नक्कल नाही. तो तेवढाच खरा आहे.

पुढे आठ ते बारा वर्षांच्या मुलामुलींवर अमेरिकेतच आणखी एक अभ्यास झाला. त्यात मुलग्यांमधला फरक जास्त करून हालचालीची तयारी करणाऱ्या भागात दिसला. मुलींमधला फरक त्याच्याही पुढच्या भागात दिसला, जो विचार, बेत आणि भावना सांभाळतो. एका अभ्यासावरून सगळं ठरत नाही. पण आपण घरात जे बघतो त्याच्याशी हे जुळतं. मुलगा हातापायांनी अस्वस्थ, मुलगी मनानं अस्वस्थ.

पुन्हा पाटाकडे येऊ. मुलग्याच्या वाफ्याचा बांध फुटतो आणि पाणी रस्त्यावर येतं. सगळा गाव ओरडतो, अरे पाणी बंद करा! मुलीच्या वाफ्यात पाणी आतल्या आत मुरतं. रस्ता कोरडा, ओरडा नाही. शेवटच्या सरीचं पीक वाळलं, की तेव्हा कळतं.

एक सूचना इथेच देतो. मेंदूतले हे फरक हजारो मुलांची सरासरी काढल्यावर दिसतात, आणि ते फार लहान असतात. एका पोराच्या फोटोवरून एडीएचडी ओळखता येत नाही. त्यामुळे यासाठी एमआरआय काढा असं कुणी सांगितलं, तर आधी दुसऱ्या डॉक्टरला विचारा, मगच पैसे खर्च करा. हा त्रास ओळखला जातो तो पोराच्या वागण्याची नीट माहिती घेऊन, आईवडिलांशी आणि शिक्षकांशी बोलून.

आता शरीराचं बोलू. वयात येताना अंगात जे बदल होतात, त्यांचा याच्याशी काय संबंध?

मेंदूत डोपामिन नावाचं एक रसायन असतं. ते निरोप्याचं काम करतं. हे काम महत्त्वाचं आहे, इथे लक्ष दे, हा निरोप ते पोचवतं. एडीएचडीत या निरोप्याचं काम नीट चालत नाही. म्हणून आवडीचं काम असलं की पोरगी तासन् तास रमते. मेंदी काढायला बसली की हलत नाही. आणि धडा वाचायला बसली की दहा मिनिटांत उठते. आपण म्हणतो, बघा, मनात असलं की जमतं! पण मनात नसणं वेगळं आणि निरोप न पोचणं वेगळं.

मुलगी वयात आली, की तिच्या अंगात इस्ट्रोजेन हे संप्रेरक वाढतं. हे इस्ट्रोजेन डोपामिनच्या कामाला हातभार लावतं. पण ते महिनाभर सारखं नसतं. पाळीच्या साधारण दोन आठवडे आधी ते चढतं आणि पाळी जवळ आली की उतरतं. त्या चार-सहा दिवसांत एडीएचडी असलेल्या कितीतरी मुलींना आणि बायकांना आपलं लक्ष आणखी उडाल्यासारखं वाटतं. चिडचिड वाढते, रडू येतं, विसरणं वाढतं. घरात म्हणतात, हिचं डोकं फिरलंय. नेदरलँड्समध्ये २०२३ साली नऊ बायकांची माहिती प्रसिद्ध झाली. पाळीच्या आधीच्या दिवसांत डॉक्टरांनी त्यांच्या गोळीचं प्रमाण जरा वाढवलं आणि त्यांना आराम पडला. नऊ बायका म्हणजे थोड्याच. पण इतकी वर्षं हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता, तो आता विचारला जातोय. गोळी मात्र कुणीही आपल्या मनानं वाढवायची नाही.

मुलग्याला असा दर महिन्याचा चढउतार नसतो. त्याची धावाधाव वय वाढेल तशी बहुधा कमी होते. दहाव्या वर्षी झाडावर चढणारा पंधराव्या वर्षी बाकावर बसतो, फक्त पाय हलवत राहतो. घरचे म्हणतात, सुधारला. पण त्याचंही लक्ष न टिकणं बऱ्याचदा तसंच असतं, आणि उतावीळपणाही. गाडी भरधाव हाणणं, पटकन हात उचलणं, मित्रांनी दिलेली तंबाखू घेणं, हे त्या वयात समोर येतं. म्हणजे मुलगा सुटला असं नाही. त्याचा धोका वेगळा.

तिसरी गोष्ट लोहाची. हा भाग आपल्या घराघरातला आहे. डोपामिन तयार व्हायला लोह लागतं. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणीस वर्षांच्या मुलींमध्ये शंभरात ५९ मुलींच्या अंगात रक्त कमी निघालं. त्याच वयाच्या मुलग्यांत शंभरात ३१. मुलीला पाळी येते, रक्त जातं, आणि बऱ्याच घरांत ती शेवटी जेवते. रक्त कमी असलं, की कुणाचंही लक्ष लागत नाही, थकवा येतो, डोकं जड होतं. त्यामुळे दोन गोष्टी होऊ शकतात. नुसत्या रक्ताच्या कमतरतेला आपण एडीएचडी समजू, किंवा एडीएचडी असलेल्या मुलीचा त्रास रक्त कमी असल्यानं आणखी वाढेल. दोन्हीला पहिलं पाऊल एकच, रक्त तपासा. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी पोरगी खरंच गिळते की खिडकीतून टाकते, तेही विचारा. लोहाच्या गोळीनं एडीएचडी बरा होतो, असं मात्र समजू नका.

चौथी गोष्ट झोप. वयात येताना सगळ्याच पोरांची झोप पुढे सरकते. रात्री लवकर डोळा लागत नाही आणि सकाळी उठवत नाही. हा आळस नाही, शरीराचं घड्याळच मागे पडतं. एडीएचडी असलेल्या पोरांत हे जास्त दिसतं. आता आपल्या घरात बघा. मुलगा सात वाजेपर्यंत लोळतो. मुलीला पाच वाजता उठवतो, झाडलोट, पाणी, भाकरी. रात्रीही भांडी तिचीच. एकाच वयाची दोन लेकरं, घड्याळ दोघांचंही मागे पडलेलं, आणि झोप मोडते ती एकीचीच. मग वर्गात तिचे डोळे मिटले, की आपण म्हणतो, हिला शिकायचंच नाही.

इथे थांबून काही लक्षणं सांगतो. मोठ्या मुलीत एडीएचडी कसा दिसतो? पुस्तक उघडं असतं, पान तेच असतं. दप्तर, ओढणी, कंपासपेटी सारखी हरवते. सांगितलेल्या तीन कामांपैकी एक होतं, दोन राहतात. फार बोलते किंवा मध्येच बोलते आणि मग मैत्रिणी तुटतात. केस पिळत राहते, नखं कुरतडते. जरा बोललं की डोळ्यांत पाणी. परीक्षेत येत असलेलं उत्तर अर्धं सोडून येते. आणि सगळ्यात मोठं लक्षण म्हणजे, ती स्वतःलाच ढ समजायला लागते. कित्येक हुशार मुली लहान इयत्तांत कसंबसं झाकून नेतात. दुप्पट वेळ बसतात, मैत्रिणीच्या वहीतून उतरवतात. आठवी-नववीत अभ्यास वाढला, की ते झाकणं पुरत नाही.

पण यातलं काही दिसलं म्हणून तुम्ही-आम्ही नाव ठेवायचं नाही. दुसरी कारणं आधी बघायला हवीत. कान नीट ऐकतात का? फळ्यावरचं दिसतं का? थायरॉइड तपासलाय का? काही मुलींना फिट येते ती नुसती टक लावून बघण्याची. दहा-पंधरा सेकंद हाक मारली तरी पोरगी भानावर नसते, आणि मग काही झालंच नाही अशी वागते. ते एडीएचडी नाही, त्याला वेगळं औषध आहे. आणि आणखी एक, जे बोलायला जड जातं. कुणी पोरीला त्रास देत असेल, घरात किंवा वाटेवर, तरीही तिचं लक्ष उडतं. चांगली चालणारी पोरगी सहावी-सातवीनंतर अचानक अशी झाली, तर आधी तिला जवळ घेऊन शांतपणे विचारा.

आता प्रश्न असा, की गप्प पोरीकडे लक्ष दिलं नाही तर बिघडतं काय? त्रास तर ती कुणाला देत नाही.

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात बर्कली नावाचं विद्यापीठ आहे. तिथले मानसशास्त्रज्ञ स्टीफन हिनशॉ यांनी १९९७ सालापासून तीन वर्षं उन्हाळी सुट्टीत मुलींची शिबिरं घेतली. सहा ते बारा वर्षांच्या, एडीएचडी असलेल्या १४० मुली आणि नसलेल्या ८८ मुली. त्या मोठ्या होऊन बाया झाल्या तोवर हे संशोधक त्यांना पुन्हा पुन्हा भेटत राहिले. दहा वर्षांनी काय दिसलं? लहानपणी दुर्लक्ष आणि चंचलता दोन्ही असलेल्या मुलींपैकी शंभरात २२ जणींनी जीव द्यायचा प्रयत्न केला होता. ज्यांना हा त्रास नव्हता, त्यांच्यात शंभरात ६ जणींनी. स्वतःला इजा करून घेणंही जास्त होतं. त्यांना पुढे मनात नसताना दिवस जाण्याचं प्रमाणही इतर मुलींच्या मानानं कितीतरी जास्त निघालं. धावाधाव वयानुसार कमी झाली होती. पण लहानपणापासून ऐकलेलं, तुला काही जमत नाही, हे आत राहिलं होतं.

हे ऐकून घाबरून जाऊ नका. एडीएचडी असलेल्या बहुतेक मुलींचं असं होत नाही, आणि वेळेवर आधार मिळाला तर धोका कमी होतो. आम्ही हे सांगितलं ते एवढ्याचसाठी, की गप्प आहे म्हणून सुखात आहे, असं धरून चालू नका.

त्या मुली कॅलिफोर्नियातल्या. आपल्याकडे काय होतं, ते तुम्ही आमच्यापेक्षा जास्त जाणता. पोरीचं अभ्यासात डोकं चालत नाही, हे वाक्य शाळेत सुरू होतं आणि सोयरिकीच्या बैठकीत संपतं. मुलगा नापास झाला, तर आपण शिकवणी लावतो, आयटीआय बघतो. मुलगी नापास झाली, तर स्थळ बघतो. त्याच कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या महाराष्ट्रात वीस ते चोवीस वर्षांच्या बायकांपैकी शंभरात जवळजवळ २२ जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. त्यातल्या किती जणी लक्ष लागत नाही म्हणून शाळेतून काढल्या गेल्या, हे कुणी मोजलेलं नाही. पण ज्या पोरीला एक घर सांभाळून बारा गोष्टी ध्यानात ठेवणं अवघड जातं, तिला सोळाव्या वर्षी सासरी पाठवलं, तर तिच्या वाट्याला काय येईल? मीठ विसरली म्हणून बोलणी, गॅस चालू राहिला म्हणून मार. आणि माहेरच्यांना निरोप, पोरीला वळण लावलं नाही.

हा वळणाचा प्रश्न नाही, मैत्रिणींनो. हे आईच्या लाडानं होत नाही, साखर खाल्ल्यानं होत नाही, कुणाच्या नजरेनं होत नाही. जुळ्या भावंडांवरचे अभ्यास सांगतात, की माणसामाणसांतल्या या फरकामागे जवळजवळ तीन-चतुर्थांश वाटा आनुवंशिकतेचा असतो. उंची जशी घराण्यातून येते, तसं. म्हणून ऐकता ऐकता तुमच्यापैकी एखादीला वाटलं असेल, अगं, ही तर मीच! मीच सारखी विसरते, मीच अर्धी कामं सोडते, मलाच माझी आई भोळसट म्हणायची. तर तसं असू शकतं. तुम्हीही डॉक्टरांना विचारू शकता. वय झालं म्हणून उशीर झाला, असं नाही.

आता करायचं काय?

घरी करता येण्यासारखं पुष्कळ आहे. एका वेळी एकच काम सांगा. ते झालं की दुसरं. लांबून ओरडून सांगू नका, जवळ जाऊन, नाव घेऊन, डोळ्यांत बघून सांगा. अभ्यास पंधरा-वीस मिनिटांचा, मग पाच मिनिटं उठून फिरणं, मग पुन्हा बसणं. दाराला एक कागद चिकटवा. दप्तर, डबा, वही, ओढणी, निघताना त्यावर बोट ठेवून बघायचं. वस्तूंच्या जागा ठरवा. मैदानात खेळू द्या, आणि हे मुलीलाही लागू आहे. वयात आली म्हणून तिचं धावणं बंद करू नका. पाळीची तारीख कॅलेंडरवर लिहायला शिकवा, म्हणजे कोणते दिवस जड जातात ते तिचं तिलाच कळेल. परीक्षेच्या दिवसांत सकाळची कामं भावाला वाटून द्या. आणि जे केलं त्याचं लगेच कौतुक करा. या पोरांना महिन्यानंतरचं बक्षीस दिसत नाही, आत्ताची शाबासकी दिसते.

शाळेत बाईंना सांगा, पुढच्या बाकावर बसवा, खिडकीपासून दूर. फळा पुसायला, वह्या गोळा करायला तिला उठवा. वाचायला-लिहायलाही फार अडत असेल, तर सोबत अध्ययन अक्षमता असू शकते. तिचं प्रमाणपत्र मिळालं, तर बोर्डाच्या परीक्षेत जास्तीचा वेळ आणि इतर सवलती मिळतात.

कुठं जायचं? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत तपासणीला येतं. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ते आहे, आणि त्यांच्या यादीत एडीएचडीचं नाव आहे. पथक येईल त्या दिवशी आईनं शाळेत जावं आणि आपण होऊन सांगावं. गप्प पोरगी स्वतः सांगणार नाही. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी मैत्री क्लिनिक असतं, तिथे समुपदेशक भेटतात. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. आशाताईंना विचारा, कोणत्या वारी डॉक्टर असतात. आणि फोनवर बोलायचं असेल, तर टेलि-मानसचा नंबर लिहून घ्या, १४४१६. चौदा चार सोळा. फोन फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. पोरगी मरणाच्या गोष्टी बोलायला लागली, हातावर काप दिसले, तर तिला रागावू नका, एकटं सोडू नका, आणि लगेच दवाखाना गाठा.

औषध लागेल का? प्रत्येकाला लागत नाही. लागलं, तर मेथिलफेनिडेट नावाची गोळी बऱ्याचदा देतात. ती डोपामिनचं काम सुधारते आणि मुलगा-मुलगी दोघांनाही उपयोगी पडते. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती मिळत नाही, आणि ते योग्यच आहे. तिच्यामुळे भूक कमी होऊ शकते, झोप उशिरा लागू शकते, नाडी आणि रक्तदाब थोडा वाढू शकतो. म्हणून वजन, उंची आणि रक्तदाब वेळोवेळी तपासावे लागतात. आधीच अशक्त असलेल्या मुलीबाबत हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. गोळी घेतली म्हणजे पोरगी वेडी ठरत नाही. चष्मा लावला म्हणून कुणी आंधळं ठरतं का?

शेवटी गटासाठी एक काम. पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, की दहा मिनिटं काढा. आपल्या वस्तीत आठवी ते दहावीतली कोणती मुलगी शाळेतून काढायचं घाटतंय, याची चर्चा करा. तिच्या आईला दोघीजणी भेटा. दोष द्यायला नाही, सोबत जायला. आणि एवढंच म्हणा, दाखल्यावरचं नाव काढायच्या आधी तिचे कान, डोळे, रक्त आणि लक्ष तपासून घेऊ. एसटीनं जिल्ह्याला जायला एक दिवस मोडेल, एक रोज बुडेल. गटातून तिकिटाचे पैसे देता येतात का, तेही बघा. हातउसने आपण बी-बियाणाला देतो, लग्नाला देतो. हेही त्यातलंच समजा.

तुमच्या मनात काही प्रश्न असतील, तर गटाच्या वहीत लिहून रेडिओकडे पाठवा. पोरीचं नाव लिहू नका, वय आणि इयत्ता लिहा, तेवढं पुरे. उत्तर आम्ही डॉक्टरांना विचारून पुढच्या भागात देऊ. तोवर काळजी घ्या, जेवायला पोरीला आधी वाढा. नमस्कार.